टिपण की नक्कल?

वही-लेखणीचा काळ संपला, आता मुलांच्या हाती लॅपटॉप आणि टॅबलेट द्या, असा धोशा सर्वत्र चालू आहे. शिक्षकांचा शब्द न् शब्द यंत्रावर उतरवता येतो, मग हाताला शीण कशासाठी, असे विचारले जाते. आम्हांला हा युक्तिवादच उफराटा वाटतो. शब्द न् शब्द उतरवता येणे हाच, विद्यार्थ्याच्या दृष्टीने, यंत्राचा दोष आहे.

पॅम म्यूलर आणि डॅनियल ओपेनहायमर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाले. लॅपटॉप वापरणाऱ्यांनी शब्द अधिक टिपले, पण ते बव्हंशी वक्त्याचेच. पहिल्या प्रयोगात नुसती माहिती विचारली तेव्हा दोन्ही गट बरोबरीचे ठरले; संकल्पना कितपत उमगली हे तपासले तेव्हा हाताने लिहिणारे सरस ठरले. पुढच्या प्रयोगात शब्दशः उतरवू नका अशी ताकीद दिली, तरीही टंकणाऱ्यांची खोड गेली नाही.

कारण उघड आहे. बोलण्याच्या वेगाने लेखणी चालत नाही. म्हणून लिहिणाऱ्याला ऐकता ऐकताच निवड करावी लागते: मुख्य काय, गौण काय, कोणत्या विधानापुढे प्रश्नचिन्ह घालायचे. ही निवड म्हणजेच चिकित्सेची पहिली पायरी.

कोणी म्हणेल, पुढील संशोधनाने हा निष्कर्ष डळमळीत केला. खरे आहे. २०१९ आणि २०२१ साली हे प्रयोग नव्याने करून पाहिले गेले, तेव्हा गुणांतील फरक तितका ठाम आढळला नाही; शब्दशः उतरवण्याची खोड मात्र पुन्हा आढळली. याने आमचे म्हणणे खोडले जात नाही, अधिक नेमके होते. किमया लेखणीत नाही, निवडीत आहे.

म्हणूनच लेखणीच्या कैवाऱ्यांनाही चार शब्द सुनावणे प्राप्त आहे. फळ्यावरचे उतरवा, सांगतो ते लिहा, गाइडमधले उत्तर पाठ करा, हे सारे आपल्या वर्गांत वहीवरच तर चालत आले! तेथे बोटे झिजली, बुद्धी कोरी राहिली. आता त्याच नोट्स पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर येतात, एवढाच काय तो फरक.

ज्याला दुसऱ्याचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडता येत नाही, त्याला ते पटले की नाही, हेही सांगता येत नाही. असा तरुण उद्या जाहिरातीपुढे, भाषणापुढे आणि अफवेपुढे सारखीच मान डोलावील.

तेव्हा शिक्षकांनी तयार नोट्स वाटणे थांबवावे. तासाची शेवटची पाच मिनिटे मुलांना स्वतःचे टिपण लिहू द्यावे. आणि पालकहो, टॅबलेटचे हप्ते भरण्याआधी रात्री मुलाची वही मिटवा आणि विचारा: आज वर्गात काय सांगितले, ते तुझ्या शब्दांत सांग, आणि त्यातले काय तुला पटले नाही? या प्रश्नाला यंत्र लागत नाही. मात्र त्यासाठी घरातील वडीलधाऱ्यांनाही आपला मोबाइल खाली ठेवावा लागेल.