स्टॅनला झोप का येत नाही?

चार्ल्स बर्नेट या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा 'किलर ऑफ शीप' हा सिनेमा आपल्या चळवळीत फार थोड्यांना ठाऊक आहे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकताना पदवीच्या प्रबंधासाठी त्यांनी तो केला. शनिवार-रविवारी चित्रीकरण, कृष्णधवल फिल्म, खर्च दहा हजार डॉलरच्या आत. १९७७ साली तो तयार झाला.

नायक स्टॅन वॉट्स वस्तीत राहतो. याच वस्तीत १९६५ साली पोलिसांविरुद्धचा संताप उसळला होता आणि ३४ माणसे मेली होती. स्टॅन कत्तलखान्यात मेंढ्या कापतो. रात्री त्याला झोप नाही. बायको जवळ घेते, तो मुकाट्याने बाजूला होतो. एकदा तो आणि त्याचा मित्र पैसे मोजून मोटारीचे जुने इंजिन घेतात, धापा टाकत जिन्यावरून उतरवतात आणि गाडीच्या मागच्या कडेला कसेबसे ठेवतात. गाडी सुरू होताच इंजिन रस्त्यावर पडून निकामी होते. दोघे बघतात आणि निघून जातात. पगाराचा दिवस असा वाया जाताना आम्ही आमच्या वस्त्यांतही पाहिला आहे.

समीक्षक या सिनेमाला काव्यमय म्हणतात, इटलीच्या नववास्तववादाशी त्याचे नाते जोडतात. ते खरेच आहे. पण स्टॅनचे दुःख त्याच्या एकट्याच्या मनाचे आहे, असे मानून पुढे जाणे आम्हाला मान्य नाही. सिनेमात खलनायक नाही, मोर्चा नाही, भाषण नाही. गुन्ह्यात ओढणारे दोघे दारात येतात, तेव्हा त्याची बायकोच त्यांना फैलावर घेते. कुणी गरीब म्हटले की स्टॅन चिडतो. आम्ही दान देतो, मग गरीब कसे, असा त्याचा सवाल. राबूनही हात रिकामे राहिलेला माणूस स्वाभिमान सोडत नाही. त्याची झोप उडाली ती इथे.

आता कायद्याची बाजू. सिनेमात पॉल रोबसन, डायना वॉशिंग्टन अशा कृष्णवर्णीय गायकांची गाणी आहेत. गाणारे आपले, ऐकणारे आपले, पण हक्क विकत घ्यायचे कंपन्यांकडून! विद्यार्थी दिग्दर्शकाकडे तेवढा पैसा कुठला? १९८१ साली बर्लिन महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. १९९० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत नाव गेले. चित्रपटगृहात रीतसर प्रदर्शन मात्र २००७ साली, म्हणजे तीस वर्षांनी! गाण्यांच्या हक्कांसाठी सुमारे दीड लाख डॉलर मोजावे लागले, सिनेमाच्या खर्चाच्या पंधरापट. तरीही शेवटचे गाणे तेव्हा बदलावेच लागले. सन्मान वेळेवर आणि प्रेक्षक तीस वर्षांनी, हा कुठला न्याय?

१९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली, तेव्हा तिने नाव घेतले ते कृष्णवर्णीयांच्या लढ्यातून. त्याच काळातल्या वॉट्समधले एक घर या सिनेमात आहे. संवाद थोडे आहेत. इंग्रजी जाणणारा एक कार्यकर्ता शेजारी बसला, तर विहारातल्या अभ्यासवर्गात तो सहज दाखवता येईल.