शंभर मेट्रोनोम आणि एक हसू

गंभीर कलाकृती ऐकताना हसू आले, तर दोष रचनेचा किंवा रसिकाचा, असे आपली समीक्षा सहसा गृहीत धरते. साहित्यातही 'विनोदी' हा वेगळा कप्पा करून आपण मोकळे होतो. संगीतातील काही मिनिमलिस्ट आणि त्यांच्या जवळपासच्या रचना या गृहीतकाला चांगलाच छेद देतात, असे आम्हाला वाटते.

ग्यॉर्गी लिगेती यांनी १९६२ मध्ये 'पोएम सिंफोनिक' रचले. नाव भारदस्त, वाद्ये म्हणजे चावीचे शंभर मेट्रोनोम. रियाजात लय दाखवायची आणि मैफलीपूर्वी बाजूला व्हायचे, एवढेच या यंत्राचे काम. तेच येथे मंचावर आले. १९६३ मध्ये हॉलंडमधील हिल्व्हर्सम येथे पहिला प्रयोग झाला आणि त्याचे दूरचित्रवाणीवरील नियोजित प्रक्षेपण रद्द झाले.

वेगवेगळ्या गतींचे शंभर मेट्रोनोम एकदम सुरू होतात. आरंभी नुसता कल्लोळ. एकेकाची चावी संपत जाते तसतशी गर्दी विरळ होते, आकृतिबंध कानाला जाणवू लागतात. अखेर एकच टिकटिक उरते. ज्या खोक्याला आपण हसलो, त्याच्या पुढच्या ठोक्याची आता आपण काळजी करू लागतो.

अमेरिकन संगीतकार टॉम जॉन्सन (१९३९–२०२४) यांच्या 'नाइन बेल्स' (१९७९) या रचनेत तीन-तीनच्या ओळींत नऊ घंटा टांगलेल्या असतात. वादक ठरलेल्या वाटांनी त्यांच्यामधून चालत राहतो आणि वाटेतल्या घंटा वाजवतो. चालण्याचा नकाशा हेच संगीत. हिशेबनिसाच्या काटेकोरपणे नियम पाळला जातो आणि त्या काटेकोरपणातूनच हसू फुटते. वादकाने मिस्कीलपणा करण्याची गरजच उरत नाही.

कल्पना कळली की ऐकायचे काय उरते, हा आक्षेप रास्त आहे. अशा कित्येक रचना कल्पनेपाशीच संपतात. पण 'पोएम सिंफोनिक'चा नियम ठाऊक असूनही शेवटचा मेट्रोनोम कोणता असेल, हे सांगता येत नाही. गंमत कळल्यानंतरही कान गुंतून राहतो की नाही, हीच खरी कसोटी.

ती साहित्यालाही लावता येईल. उत्तरपत्रिकेत 'पुनरुक्ती' हा शब्द आपण दोष म्हणूनच लिहितो. प्रत्येक आवर्तनात काय बदलले, हे विद्यार्थ्याला विचारले, तर त्या हसण्यामागची रचना त्यालाही दिसू लागेल.