मागच्या रांगेला रजा कधी?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या मीरा रोडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी एक मुलगी कठडा धरून, एकेक पायरी मोजत जिना उतरत होती. गणपतीच्या मांडवात नाचताना तिला मी लहानपणापासून पाहत आलो आहे. म्हणून सहज विचारले, "काय गं, पायाला काय झाले?"

"काही नाही काका, जरा मुरगळलाय."

"मग आज घरी बस की."

ती हसली. म्हणाली, "आज दोन प्रयोग आहेत. आणि माझ्या जागी उभे राहायला कोणी नाही."

ही मुलगी मुंबईतल्या एका मोठ्या संगीत नाट्यप्रयोगात समूहनर्तिका आहे. जाहिरातीत तिचे नाव नसते. प्रेक्षकांना ती दिसते, पण लक्षात राहत नाही, आणि राहू नये असेच तिचे काम आहे. गंमत अशी, की नायिकेच्या मैत्रिणीचे काम करणारी नटी आजारी पडली, तर तिच्या जागी उभे राहण्याची जबाबदारी या मुलीवरच आहे. ती संपूर्ण भूमिका तिने पाठ केली आहे. म्हणजे दुसरीला बदली ही आहे, पण हिला बदली कोणी नाही. तिचे ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाही.

आपल्याकडे 'प्रयोग झालाच पाहिजे' या व्रताचे फार कौतुक आहे. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली, तरी ते रंगमंचावर उभे राहिले. ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांत पाणी आणून सांगत आलो. त्यांच्या निष्ठेला नमस्कारच केला पाहिजे. पण या कथेला दुसरी एक बाजू आहे. बालगंधर्वांच्या जागी उभे राहील असे दुसरे कोणी नव्हते, म्हणून त्या बापाला घरी बसून रडण्याचीही सवड नव्हती. बदली कलाकार या व्यवस्थेचे खरे मोल येथे कळते. निर्मात्याचा प्रयोग ती वाचवतेच, पण मुख्य कलाकाराला आजारी पडण्याची आणि दुःख करण्याची मुभाही तीच देते. नोकरदाराला जशी किरकोळ रजा असते, तशी रंगभूमीवरची रजा म्हणजे हा विंगेत थांबलेला माणूस.

हे काम दिसते तितके सोपे नाही. मोठ्या नृत्यप्रयोगात रंगमंचाच्या पुढच्या कडेला आकडे चिकटवलेले असतात. मध्यभागी शून्य, आणि दोन्ही बाजूंना चढते आकडे. कोणत्या तालावर कोणी कोणत्या आकड्यासमोर असायचे, हे ठरलेले असते. सरकता देखावा, वरून उतरणारा पडदा, अंधारात होणारी ये-जा, सारे त्या हिशेबाने चालते. नर्तिका दोन पावले चुकली, तर शेजारणीशी टक्कर होते. अशा चार-पाच जणींच्या जागा जिला ठाऊक असाव्या लागतात, तिला परदेशात 'स्विंग' म्हणतात. आमच्या या मुलीने एक वही दाखवली. प्रत्येक गाण्याला एक पान, आणि पानभर बाण. परीक्षेच्या अभ्यासाहून तो अभ्यास कमी नव्हता.

डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'द म्युझिक मॅन'ची नायिका सटन फॉस्टर हिला कोरोनाची लागण झाली. तिच्या जागी कॅथी वॉयट्को ही 'स्विंग' उभी राहिली. आठ भूमिकांची तयारी असलेल्या कॅथीला आज नायिका व्हायचे आहे, हे त्याच दिवशी दुपारी कळले. प्रयोगानंतर नायक ह्यू जॅकमन याने तिला पुढे आणून प्रेक्षकांसमोर तिचा आणि सर्व बदली कलाकारांचा गौरव केला. महासाथीच्या त्या दिवसांत नाटकांचे पडदे याच माणसांमुळे उघडे राहिले.

पण इतके लांब जाण्याचे कारण नाही. २०२२ साली आमच्या मीरा-भाईंदरमध्ये जे नाट्यगृह सुरू झाले, त्याला लता मंगेशकरांचे नाव आहे. लताबाईंनी स्वतः अनेकदा सांगितलेली आठवण अशी : मा. दीनानाथांच्या कंपनीचा मुक्काम मनमाडला होता. 'सौभद्र'मध्ये नारदाचे काम करणारा नट ऐनवेळी मिळेना. सात-आठ वर्षांची लता वडिलांना म्हणाली, मी करते नारद. घरात ऐकून ऐकून पदे पाठ होती. ती उभी राहिली आणि तिने 'वन्समोअर' मिळवला. तेव्हा आमच्या या नाट्यगृहाच्या दारावर जे नाव आहे, ते एके काळच्या बदली नटीचेही आहे!

अर्थात, प्रत्येक बदलीची लता होत नाही, आणि होण्याची गरजही नाही. १९७२ साली पुण्यात आलेल्या 'घाशीराम कोतवाल'मधली ब्राह्मणांची ती माणसांची भिंत आठवा. तीच पडदा, तीच गाणारी, तीच नाचणारी. त्या भिंतीतला एक माणूस नसता, तर फट पडली असती. समूहाचे काम असे असते. तो नसला की कळतो.

मुंबईत आता अशा भव्य प्रयोगांना चांगले दिवस आले आहेत. २०१५ साली 'ब्यूटी अँड द बीस्ट', २०१६ साली 'मुघल-ए-आझम', २०१८ साली 'अलाद्दीन' झाले. २०२३ साली वांद्रे-कुर्ला संकुलात नवे नाट्यगृह उघडले ते शेकडो कलाकारांचा भारतीय प्रयोग घेऊनच. या प्रयोगांना लागणारे पाय कोठून येतात? बरेचसे आमच्यासारख्या उपनगरांतून, रात्रीच्या शेवटच्या विरार गाडीने परतणाऱ्या घरांतून. २०२० साली अमेरिकेतल्या 'अमेरिकाज गॉट टॅलेंट : द चॅम्पियन्स' स्पर्धेत पहिले आलेले 'व्ही. अनबीटेबल' पथक भाईंदर-नायगाव परिसरातल्या मुलांचेच. त्यांच्या नावातला 'व्ही' आहे विकास या साथीदाराचा. सरावात झालेल्या अपघातानंतर तो गेला. त्या मुलांनी जगभर त्याचे नाव नेले. सरावात पडलेल्या मुलाच्या घरच्यांसाठी आपण काय व्यवस्था केली आहे, हा प्रश्न मात्र उरतोच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतल्या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेविषयीच्या संहितेत दृक्‌-श्राव्य कामगार ही व्याख्या आहे, आणि तिच्यात नर्तकांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यांना लेखी कराराशिवाय कामावर घेता येत नाही. पण ही तरतूद चित्रपट, मालिका अशा निर्मितींसाठी आहे. म्हणजे तीच मुलगी, तेच नृत्य, तोच पाय. तो कॅमेऱ्यासमोर मुरगळला तर तिच्या हातात कायद्याने कागद असायला हवा. रंगमंचावर मुरगळला तर ही तरतूद तिच्या उपयोगाची नाही. असंघटित कामगारांसाठी सामाजिक सुरक्षेची निराळी संहिता आहे खरी, पण तिच्या योजनांची वाट पाहत मुरगळलेला पाय थांबत नाही.

आमच्या मुलीला प्रयोगागणिक पैसे मिळतात. नाटकवाले त्याला 'नाइट' म्हणतात. ती नाचली तर नाइट, नाही तर शून्य. पाठ केलेल्या दुसऱ्या भूमिकेचे, त्या वहीचे, रोज तयार राहण्याचे वेगळे काही नाही. माझे म्हणणे इतकेच, की तयार राहणे हेही काम आहे आणि त्याची किंमत ठरली पाहिजे. अग्निशमन दलाच्या जवानाला आपण आग लागली त्याच दिवसाचा पगार देत नाही! मोठ्या प्रयोगात समूहासाठी दोन-तीन जास्तीचे नर्तक ठेवावेत. त्यांना विंगेत थांबल्याचीही अर्धी नाइट द्यावी. तालमीपासून प्रत्येकाचा अपघात विमा असावा. पालिकेची नाट्यगृहे निर्मात्याकडून नोंदणीच्या अर्जासोबत त्या विम्याचा कागद मागू शकतील. यातून तिकीट थोडे महागेल, हे मान्य. पण आज तो खर्च वाचत नाही. तो त्या मुलीच्या घोट्यावर पडतो.

त्या दिवशी तिने दोन्ही प्रयोग केले. पुढे तीन आठवडे ती घरी होती, बिनपगारी. तिची आई मला म्हणाली, "एक दिवस सुट्टी मिळाली असती, तर तीन आठवडे गेले नसते."

पुढच्या वेळी एखादा असा प्रयोग पाहाल, तेव्हा पडदा पडण्यापूर्वी क्षणभर मागच्या रांगेकडे पाहा. सगळ्या जणी हसत असतील. त्यांच्यातली कोण आज घरी असायला हवी होती, हे आपल्याला खुर्चीतून कळणार नाही.