सात बियांची गोष्ट

डिसेंबरात आम्ही काही शिक्षक चिक्कमगळूरला गेलो होतो. सकाळी बाबाबुडनगिरी चढलो, दुपारी खाली कॉफीचा मळा पाहिला. सिल्व्हर ओकची सावली, त्याच्या खोडावर मिरीचे वेल, खाली कॉफीची झुडपं. बायका पिकलेली लाल फळं एकेक करून तोडत होत्या.

आख्यायिका अशी, की सतराव्या शतकात हजहून परतताना बाबाबुडन यांनी येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि या डोंगरावर लावल्या. बीसोबत शब्दही आले. अरबीतला ‘बुन्न’ आपल्या जुन्या मराठीत ‘बुंद’ झाला.

डोंगरावरच्या गुहेला कुणी बाबाबुडनांचा दर्गा म्हणतं, कुणी दत्तपीठ. वर्षानुवर्षं दोघांचेही भाविक तिथे येत राहिले. पुढे वाद कोर्टात गेला.

परतताना एका सहकाऱ्याने विचारलं, “सर, जागा नक्की कुणाची?” म्हटलं, ते कोर्ट ठरवेल. मला वेगळीच खंत आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना मोबाईलमुळे हा वाद ठाऊक आहे, सात बियांची गोष्ट ठाऊक नाही. दोष मुलांचा नाही, आम्हा शिक्षकांचा आहे. वाद लपवू नये, पण आधी गोष्ट सांगावी. सोमवारी फळ्यावर दोन शब्द लिहिणार आहे, ‘बुन्न’ आणि ‘बुंद’. धडा तिथूनच सुरू करीन.