जंतू थोर की वानर?

मातीतला औषधी जंतू मोठा, की नष्ट होत चाललेला वानर? असा सवाल टाकून चारचौघांत बाजी मारणारे शहाणे हल्ली फार झाले आहेत. त्यांचे उत्तर ठरलेलेच असते : जंतूने माणसे वाचवली, वानराने काय केले?

जंतूचे उपकार कोण नाकारतो? पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तिथल्या संशोधकांनी मातीतल्या एका जंतूला गावाचेच नाव दिले, स्ट्रेप्टोमायसीस पिंपरिना. त्याच्यापासून हामायसीन हे बुरशीवरचे औषध निघाले. आपल्या मराठी मुलुखातली ही गोष्ट आपल्याच मुलांना ठाऊक नसते, ते असो.

पण असा जंतू नळीत सुकवून वर्षानुवर्षे ठेवता येतो. दक्षिण सह्याद्रीच्या सदाहरित रानातला सिंहपुच्छ वानर कोणत्या नळीत ठेवाल? मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू, आणि रानात उरलेले सगळे मिळून काही हजार. तो झाडांच्या शेंड्यांवरून फिरतो. मधली झाडे तुटली की कळप तिथेच अडकला. केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या धरणाविरुद्धच्या लढ्याचे हाच वानर निशाण झाला. धरण बारगळले, १९८४ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, आणि बुडू घातलेल्या रानाची माती तिच्यातल्या अगणित जंतूंसकट वाचली. वानराने काय केले, ते हे!

बरे, या शहाण्यांना जंतूचा तरी लळा आहे काय? विरारजवळच्या चंदनसारकडे पाहा. भात कापले की उरल्या ओलीवर वाल पेरायचा, ही आपल्या उत्तर कोकणची जुनी रीत. वालाचे रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आत लालसर रंग दिसेल. आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याचाच तो भाऊबंद. त्या गाठीतला ऱ्हायझोबियम जंतू हवेतला नत्र पिकाला पुरवतो, तोही फुकट. अशा खाचरांवर मुरमाचा भराव पडतो, वर चाळी, मग इमारती. माणसाला घर हवेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण "खाली जंतू आहेत हो!" म्हणून भरावाचा ट्रक अडवायला यांतला एकतरी शहाणा गेला काय? वानराचे रान राखायची गोष्ट निघाली की यांना जंतू आठवतो. जमिनीचा सौदा निघाला की तोही आठवत नाही.

यंदा फराळाला कोणी हा सवाल टाकलाच, तर आणखी एक चकली वाढा आणि विचारा, "काका, तुमच्या खाचरात या साली वाल पेरणार ना?"