फळीचा मार आणि पाण्याची खोली

उन्हाळ्याची सुट्टी लागली कीं पेण-रोह्याकडील घरांतून भावंडांची ये-जा सुरू होते. मुंबई-पुण्याचीं मुलें इकडे येऊन विहिरींत व नदींत पोहतात; इकडचीं तिकडे गेलीं म्हणजे तरणतलावाच्या उंच फळीवर चढतात. बुडण्याची भीति सर्वांसच ठाऊक असते; परंतु ज्या फळीवरून उडी मारावयाची तीच डोक्यास लागेल, हा विचार वडीलधाऱ्यांच्याहि मनांत क्वचितच येतो. या महिन्यांत त्याविषयींच लिहावयाचें आहे.

१९ सप्टेंबर १९८८ रोजीं सेऊलच्या ऑलिंपिक सामन्यांत अमेरिकेचा ग्रेग लुगानिस तीन मीटर उंचीच्या लवचीक फळीवरून उडाला. अडीच गिरक्या घेत असतां त्याचें डोकें फळीवर आपटलें. जखमेस टांके घालावे लागले. तरीहि तो त्याच दिवशीं पुन्हां फळीवर चढला व पुढें सुवर्णपदक मिळविता झाला. ही धैर्यकथा सर्वत्र सांगतात. पण तिच्याशेजारीं दुसरीहि सांगावयास हवी. जुलै १९८३ मध्यें कॅनडांतील एडमंटन येथें सोव्हिएट संघाचा सेर्गेई शालिबाश्विली दहा मीटरच्या चौथऱ्यावर डोकें आपटून बेशुद्ध झाला आणि कांहीं दिवसांनीं मरण पावला. दोघेहि कसलेले होते. दोघांचीहि उडी उलट्या गिरकीची होती.

या उडींत उडणारा पाण्याकडे तोंड करून उभा राहतो, पण गिरकी फळीकडे घेतो. शरीर वर गेलें आणि पुढें सरकलें नाहीं, तर उतरतांना डोकें फळीशीं येतें. पाय घसरला, किंवा मनांत भीति येऊन उडी अर्धवट सुटली, तरी परिणाम तोच. म्हणून नवशिक्यानें गिरक्यांच्या वाटेस जाऊं नये. प्रथम तलावाच्या काठावरून, मग एक मीटरवरून साधी उडी. ती बिनचूक साधल्यावरच शिक्षकासमक्ष पुढचा पाठ. फळीवर एका वेळीं एकानेंच असावें, टोकावर वारंवार उसळ्या मारूं नयेत, आणि पहिला बाजूस झाल्याखेरीज दुसऱ्यानें उडूं नये. स्पर्धेच्या नियमांप्रमाणें एक मीटरच्या फळीखालीं निदान ३.४ मीटर व तीन मीटरच्या फळीखालीं ३.७ मीटर पाणी लागतें, हेंहि ध्यानांत ठेवावें.

गांवाकडे फळीचें काम विहिरीचा कठडा किंवा घाटाची पायरी करते. ती लवत नाहीं, म्हणून उडणारास पुढें फेंकीतहि नाहीं. आणि विहिरीच्या पोटांतील पुढें आलेले दगड वरून दिसत नाहींत. नदीचें पाणीहि एका मापाचें राहत नाहीं. मुळशी धरणाचें पाणी भिरा येथील वीजगृहांतून सुटेल त्याप्रमाणें कोलाडच्या बाजूस कुंडलिका चढते-उतरते. पेणजवळ अंतोऱ्याच्या खाडींत भरती-ओहोटीमुळें तोच प्रकार होतो. सकाळीं खोल असलेली जागा दुपारीं उथळ असूं शकते. उथळ पाण्यांत डोक्यावर पडल्यास मान मोडून हातपाय जन्माचे लुळे पडतात. तेव्हां अनोळखी पाण्यांत सूर मारूंच नये. आधीं पाण्यांत सावकाश उतरून खोली व तळ पाहावा.

अपघात झालाच तर मुलास हाताला धरून ओढूं नये. त्यास पाण्यावर उताणा तरंगत ठेवून डोकें, मान व पाठ एका रेषेंत सांभाळावीं आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास चालत नसेल तर मात्र त्यास तत्काळ बाहेर काढून श्वास देण्यास आरंभ करावा. मार किरकोळ वाटला तरी त्या दिवशीं पुन्हां उडी नको. वांती, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणें यांपैकीं कांहीं दिसतांच रुग्णालय गांठावें.

भावंडांच्या घोळक्यांत धाकट्यास मागें राहण्याची लाज वाटते, आणि थोरला हंसतो म्हणून तो उडी घेतो. त्या वेळीं लुगानिसचें उदाहरण त्याच्यापुढें ठेवूं नये. "आज पुरे, खालीं उतर," असें म्हणणारें कोणी वडील माणूस काठावर असावें, आणि त्याचें ऐकून उतरणाऱ्या मुलास घरांत कोणीं भित्रा म्हणूं नये.