भांडण भागधारकांचे, भुर्दंड कामगारांना

भागधारकांत बेबनाव होऊन कंपनी विसर्जित झाली, तर अर्जदाराचा कोर्टखर्च कंपनीच्या मालमत्तेतून देण्याची जुनी प्रथा आहे. मालमत्ता भरपूर असेल तर हा भार अखेर भागधारकांवरच पडतो. ती अपुरी असेल तर कामगारांच्या थकलेल्या मजुरीला व ग्रॅच्युइटीलाच कात्री लागण्याची भीती असते. नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियनच्या खटल्यात 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने 3 विरुद्ध 2 मतांनी विसर्जनाच्या अर्जावर कामगारांचा म्हणणे मांडण्याचा हक्क मान्य केला. 1985 च्या दुरुस्तीने त्यांची देणी तारणधारी धनकोंच्या बरोबरीला आणली. खर्चाचा प्रश्न मात्र न्यायासनाच्या विवेकावरच राहिला. ज्याने भांडण मांडले त्याने ते स्वतःच्या खिशातून लढवावे. कामगारांची पै न् पै चुकती होईपर्यंत वकिलांची बिले थांबली पाहिजेत. कामगार संघटनांनी प्रत्येक सुनावणीत हीच मागणी लावून धरावी.